एक्स विंडो प्रणालीत ॲटम आणि प्रॉपर्टी कशा वापराव्यात

एक्स विंडो प्रणालीत, म्हणजे लिनक्ससारख्या यंत्रणांवर पडद्यावरील विंडो दाखवणाऱ्या व्यवस्थेत, दोन स्वतंत्र प्रोग्रॅमना एकमेकांना काही सांगायचे असेल, तर ते सहसा थेट बोलत नाहीत. एक प्रोग्रॅम एखाद्या विंडोवर नाव, प्रकार आणि मजकूर अशा तिहेरी रूपात माहिती ठेवतो, दुसरा ती वाचतो आणि मधल्या काळात ती सांभाळण्याचे काम सर्व्हर, म्हणजे पडदा, माउस आणि कीबोर्ड हाताळणारा मध्यवर्ती प्रोग्रॅम, करतो. या माहितीला प्रॉपर्टी म्हणतात आणि तिच्या लांबलचक नावाऐवजी जो छोटा क्रमांक वापरला जातो, त्याला ॲटम म्हणतात. विंडोचे शीर्षक, तिच्या आकाराच्या मर्यादा, सध्या कोणती विंडो सक्रिय आहे ही नोंद आणि एका प्रोग्रॅममध्ये कॉपी केलेला मजकूर दुसऱ्यात पेस्ट होण्यामागची सारी देवाणघेवाण या दोन गोष्टींवरच उभी आहे. एक्सलिब किंवा एक्ससीबी या एक्सच्या लायब्ररी वापरून सी भाषेत प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांसाठी, तसेच दुसऱ्याने लिहिलेला असा प्रोग्रॅम दुरुस्त करण्याची वेळ ज्यांच्यावर आली आहे त्यांच्यासाठी, या दोहोंचा वापर कसा करावा हे पुढे दिले आहे. सर्व नावे येथे देवनागरीत उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. कोडमध्ये प्रॉपर्टी आणि ॲटमची नावे रोमन कॅपिटल अक्षरांत, अंडरस्कोरसकट लिहायची असतात, आणि नावांमध्ये लहान-मोठ्या अक्षरांचा भेद पाळला जातो.

कोड लिहिण्याआधी टर्मिनल उघडून प्रत्यक्ष प्रॉपर्टी पाहून घ्याव्यात. 'एक्सप्रॉप' ही कमांड चालवली की माउसचा बाण अधिकचिन्हासारखा होतो आणि ज्या विंडोवर क्लिक करावे तिच्या सगळ्या प्रॉपर्टी टर्मिनलमध्ये उमटतात. प्रत्येक ओळीत आधी प्रॉपर्टीचे नाव, मग कंसात तिचा प्रकार, म्हणजे टाइप, आणि बरोबर-चिन्हानंतर तिचे मूल्य असते. एखाद्या वेब ब्राउझरच्या विंडोवर क्लिक केल्यास 'डब्ल्यूएम_नेम', 'डब्ल्यूएम_क्लास', '_नेट_डब्ल्यूएम_नेम', '_नेट_डब्ल्यूएम_पीआयडी' अशी बरीच नावे दिसतील आणि त्यांतली काही अंडरस्कोरने सुरू होतात हेही लक्षात येईल. या कमांडला 'रूट' हा पर्याय दिला तर संपूर्ण पडद्याच्या मूळ विंडोवरील प्रॉपर्टी दिसतात. उघड्या विंडोंची यादी आणि सक्रिय विंडोची नोंद तिथेच असते. सर्व्हरला ठाऊक असलेले सगळे ॲटम पाहायचे असतील, तर 'एक्सएलएसॲटम्स' ही कमांड क्रमांक आणि नाव अशी दोन स्तंभांची यादी छापते.

आधीपासून ठरलेले ६८ ॲटम

त्या यादीतील पहिले ६८ ॲटम कोणत्याही सर्व्हरवर, कोणत्याही दिवशी सारखेच असतात, कारण त्यांचे क्रमांक प्रोटोकॉलमध्येच ठरवून दिलेले आहेत. 'प्रायमरी' हा १, 'ॲटम' हा ४, 'कार्डिनल' हा ६, 'स्ट्रिंग' हा ३१, 'विंडो' हा ३३, 'डब्ल्यूएम_नेम' हा ३९ आणि सर्वांत शेवटचा 'डब्ल्यूएम_ट्रान्झिएंट_फॉर' हा ६८ आहे. शून्य हा क्रमांक कोणत्याही ॲटमला मिळत नाही. त्याचा अर्थ 'काहीही नाही' असा होतो. एक्सलिबमध्ये हे ॲटम 'एक्सॲटम' या हेडर फाइलमध्ये असून प्रत्येकाच्या नावाआधी 'एक्सए_' हा उपसर्ग जोडलेला असतो, त्यामुळे 'एक्सए_डब्ल्यूएम_नेम' असे लिहिले की काम होते आणि सर्व्हरला काही विचारावे लागत नाही. वापरायला याहून सोपे काही नाही.

अडचण वेगळीच आहे. एक्सची अकरावी आवृत्ती १९८७ मध्ये आली आणि ही यादी त्या काळाच्या गरजांनुसार गोठली. तिच्यात कट बफरसाठी, म्हणजे कॉपी केलेला मजकूर ठेवण्याच्या जुन्या जागांसाठी, ९ ते १६ असे आठ ॲटम राखलेले आहेत आणि फाँटच्या माहितीसाठी ४३ ते ६६ असे चोवीस; आजच्या प्रोग्रॅमला यांपैकी बहुतेकांची कधीच गरज पडत नाही. कट बफरांमधील मजकूर चक्राकार सरकवता यावा म्हणून तर प्रोटोकॉलमध्ये एक वेगळी विनंतीच आहे, आणि ती आज कुणी वापरताना आढळला तर नवल वाटावे. उलट रोज लागणारे कित्येक ॲटम यादीत नाहीत. 'क्लिपबोर्ड' त्यात नाही, 'डब्ल्यूएम_प्रोटोकॉल्स' आणि 'डब्ल्यूएम_डिलीट_विंडो' नाहीत, आणि 'यूटीएफ८_स्ट्रिंग' तर असणे शक्यच नव्हते, कारण यूटीएफ-८ ही पद्धतच १९९२ मध्ये जन्माला आली. म्हणून एखादे नाव फार प्रसिद्ध आहे एवढ्यावरून ते पूर्वनिश्चित असेल असे गृहीत धरू नये. हेडर फाइल उघडून पाहावी. त्यात नसेल तर तो ॲटम सर्व्हरकडून मागून घ्यावा.

सर्व्हरकडून ॲटम मागणे

ही मागणी 'एक्सइंटर्नॲटम' या फंक्शनने करतात. त्याला डिस्प्ले (सर्व्हरशी असलेली जोडणी), नाव आणि तिसरा एक हो-नाही स्वरूपाचा मुद्दा द्यावा लागतो. तिसऱ्या जागी 'फॉल्स' दिले, तर त्या नावाचा ॲटम आधीपासून असल्यास त्याचा क्रमांक मिळतो आणि नसल्यास सर्व्हर नवा ॲटम तयार करून त्याचा क्रमांक देतो. 'ट्रू' दिले तर सर्व्हर नवे काही तयार करत नाही. नाव अस्तित्वात नसेल तर शून्य परत येतो. आपण स्वतः एखादी प्रॉपर्टी लिहिणार असू किंवा तिची वाट पाहणार असू, तर 'फॉल्स' द्यावे. 'ट्रू' चा उपयोग फक्त चौकशीपुरता करावा आणि परत आलेला शून्य तपासल्याशिवाय पुढच्या फंक्शनला देऊ नये, अन्यथा 'बॅडॲटम' ही त्रुटी येते. ती त्रुटी चुकीच्या ओळीवर न दिसता बरीच पुढे दिसते, कारण एक्सलिब विनंत्या साठवून एकदम पाठवते. असे झाल्यास चाचणीपुरते 'एक्ससिंक्रोनाइझ' चालू करावे, म्हणजे दोषी ओळ लगेच सापडते.

'ट्रू' वापरताना आणखी एक फसगत होते. प्रोग्रॅम सुरू होताच एखाद्या विंडो मॅनेजरच्या, म्हणजे विंडोंच्या चौकटी आणि जागा सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमच्या, ॲटमची चौकशी केली आणि तोपर्यंत तो विंडो मॅनेजर सुरूच झालेला नसेल, तर शून्य मिळतो. तो साठवून ठेवला की पुढे विंडो मॅनेजर आला तरी आपल्या प्रोग्रॅमला ते कधीच कळत नाही.

तयार झालेला ॲटम पुसता येत नाही. तो मागणारा प्रोग्रॅम बंद झाला तरी ॲटम राहतो आणि सर्व्हर रीसेट झाल्यावरच नाहीसा होतो. यातून दोन गोष्टी निघतात. एक, नावामध्ये वेळ, प्रोसेस क्रमांक किंवा फाइलचे नाव घालून दर वेळी नवे ॲटम तयार करणारा प्रोग्रॅम सर्व्हरची स्मृती हळूहळू खात राहतो, म्हणून बदलणारी माहिती नावात न ठेवता प्रॉपर्टीच्या मूल्यात ठेवावी. दोन, ६८ नंतरचे क्रमांक ज्या क्रमाने मागणी येते त्या क्रमाने वाटले जातात. वर्ग बदलला की हजेरीपटावरचा क्रमांक बदलतो, तसाच सर्व्हर पुन्हा सुरू झाला की 'क्लिपबोर्ड' चा क्रमांकही बदलू शकतो. असा क्रमांक फाइलमध्ये साठवणे, कोडमध्ये स्थिरांक म्हणून लिहिणे किंवा एका सर्व्हरचा क्रमांक दुसऱ्या सर्व्हरवर वापरणे, यातले काहीही करू नये. साठवायचे असेल तर नाव साठवावे.

वेगाचाही प्रश्न येतो. प्रत्येक 'एक्सइंटर्नॲटम' सर्व्हरचे उत्तर येईपर्यंत थांबते. प्रोग्रॅम आणि सर्व्हर एकाच यंत्रावर असतील तर हे जाणवत नाही, पण दूरच्या यंत्रावरून जोडणी असेल आणि सुरुवातीलाच चाळीस-पन्नास ॲटम एकामागून एक मागितले, तर विंडो उघडायला होणारा विलंब डोळ्यांना दिसतो. त्यासाठी 'एक्सइंटर्नॲटम्स' हे अनेकवचनी फंक्शन आहे. त्याला नावांची यादी दिली की सगळ्या मागण्या एकत्र जातात. एक्ससीबीमध्ये आधी सगळ्या विनंत्या पाठवून नंतर उत्तरे गोळा करावीत. कोणत्याही पद्धतीत हे काम डिस्प्ले उघडल्यावर एकदाच करून क्रमांक एका स्ट्रक्चरमध्ये ठेवावेत. इव्हेंट लूपच्या, म्हणजे सर्व्हरकडून येणाऱ्या सूचना (इव्हेंट) हाताळणाऱ्या चक्राच्या, आत ॲटम मागणारा कोड दिसला की तो तिथून बाहेर काढावा.

स्वतःच्या प्रॉपर्टीला नाव देताना सुरुवातीला अंडरस्कोर, मग आपल्या प्रकल्पाची ओळख आणि मग उद्देश अशी रचना ठेवावी. अंडरस्कोर नसलेली नावे प्रमाण ठरवणाऱ्यांसाठी राखीव मानली जातात. '_नेट_' ने सुरू होणारी नावे डेस्कटॉपच्या सामायिक नियमावलीची, म्हणजे ईडब्ल्यूएमएचची आहेत, तेव्हा त्या उपसर्गाखाली मनाने नवे नाव घालू नये.

प्रॉपर्टी लिहिणे

प्रॉपर्टी लिहिण्यासाठी 'एक्सचेंजप्रॉपर्टी' हे फंक्शन आहे आणि त्याला आठ गोष्टी द्याव्या लागतात: डिस्प्ले, विंडो, प्रॉपर्टीचा ॲटम, टाइपचा ॲटम, फॉरमॅट, मोड, माहितीचा पॉइंटर आणि घटकांची संख्या. टाइप हाही एक ॲटमच असतो. प्रॉपर्टीची नावे आणि टाइपची नावे एकाच क्रमांकमालेतून येतात, त्यामुळे 'डब्ल्यूएम_हिंट्स' हा एकच ॲटम प्रॉपर्टीचे नाव म्हणूनही येतो आणि त्याच प्रॉपर्टीचा टाइप म्हणूनही येतो. हे पाहून गोंधळू नये. तो नियमानुसारच आहे. 'डब्ल्यूएम_नॉर्मल_हिंट्स' चा टाइप मात्र 'डब्ल्यूएम_साइझ_हिंट्स' आहे, म्हणून अंदाजाने टाइप न लिहिता नियमावलीत पाहूनच लिहावा.

फॉरमॅट ८, १६ किंवा ३२ यांपैकीच असतो. सर्व्हर प्रॉपर्टीच्या मजकुराचा अर्थ लावत नाही, पण वेगवेगळ्या यंत्रांवर बाइटांचा क्रम वेगळा असू शकतो आणि तो उलटवायचा असेल तर एक घटक किती बिटांचा आहे हे त्याला ठाऊक असावे लागते. फॉरमॅटचे प्रयोजन एवढेच आहे. मजकुरासाठी ८ द्यावा, आणि ॲटम, विंडो किंवा पूर्णांक यांच्यासाठी ३२ द्यावा.

याच ३२ मध्ये एक्सलिबमधील सर्वांत जुनी आणि सर्वांत चिवट फसगत दडलेली आहे. फॉरमॅट ३२ असताना एक्सलिब प्रत्येक घटक 'लाँग' या प्रकारात आहे असे मानते, आणि ६४-बिट लिनक्सवर लाँग आठ बाइटांचा असतो. प्रोग्रॅमरने चार-चार बाइटांच्या पूर्णांकांचा चार घटकांचा ॲरे दिला, तर एक्सलिब पहिल्या आठ बाइटांना पहिला घटक समजते आणि त्याचे खालचे ३२ बिट पाठवते. इंटेलसारख्या यंत्रावर याचा परिणाम असा होतो की सर्व्हरकडे पहिला घटक बरोबर पोहोचतो, दुसऱ्याच्या जागी तिसरा जातो आणि उरलेले दोन घटक ॲरेच्या पलीकडील स्मृतीतून उचललेले असतात. एकच घटक लिहिणारा कोड बहुधा बरोबर चालतो, त्यामुळे चूक महिनोन्महिने लपून राहते आणि यादी लांबली की बाहेर येते. उपाय सोपा आहे: एक्सलिबमध्ये फॉरमॅट ३२ असेल तर ॲरे लाँगचाच घोषित करावा, मग यंत्र कोणतेही असो. 'ॲटम' आणि 'विंडो' हे एक्सलिबचे प्रकार स्वतःच 'अनसाइन्ड लाँग' असल्याने त्यांचे ॲरे तसेच देता येतात. एक्ससीबीमध्ये हा घोळ नाही. तिथे घटक खरोखरच ३२ बिटांचा असतो. एका लायब्ररीतून दुसरीत कोड हलवताना मात्र ही ओळ हटकून तपासावी.

मोडमध्ये 'रिप्लेस' म्हणजे जुने मूल्य काढून नवे ठेवणे, 'प्रिपेंड' म्हणजे आधी जोडणे आणि 'अपेंड' म्हणजे शेवटी जोडणे. शेवटच्या दोहोंत आधीच्या मूल्याचा टाइप आणि फॉरमॅट नव्याशी जुळला नाही तर 'बॅडमॅच' ही त्रुटी येते. रिप्लेसमध्ये मात्र टाइपही बिनबोभाट बदलतो.

उदाहरण म्हणून विंडोला 'मराठी' असे शीर्षक द्यायचे आहे असे समजू. जुनी पद्धत म्हणजे 'डब्ल्यूएम_नेम' ही प्रॉपर्टी 'स्ट्रिंग' या टाइपने लिहिणे. पण स्ट्रिंग या टाइपचा मजकूर लॅटिन-१ या अक्षरसंचातला असतो आणि त्यात देवनागरीला जागाच नाही. यूटीएफ-८ मधले बाइट तसेच कोंबले तर सर्व्हर तक्रार करणार नाही, कारण तो मजकूर वाचतच नाही. पण टाइपवर विश्वास ठेवणारा विंडो मॅनेजर शीर्षकपट्टीवर अगम्य चिन्हे दाखवील. म्हणून '_नेट_डब्ल्यूएम_नेम' आणि 'यूटीएफ८_स्ट्रिंग' असे दोन ॲटम मागावेत, टाइप म्हणून दुसरा द्यावा, फॉरमॅट ८ ठेवावा, मोड रिप्लेस ठेवावा आणि घटकांची संख्या १५ द्यावी. वाचताना तीन अक्षरे दिसत असली, तरी म, र, काना, ठ आणि दुसरी वेलांटी मिळून युनिकोडचे पाच घटक होतात आणि देवनागरीचा प्रत्येक घटक यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेतो. संख्या हाताने मोजण्यापेक्षा 'स्ट्रलेन' वर सोडावी हे उत्तम. शेवटचा शून्य बाइट मोजायचा नसतो. याच्या जोडीला 'डब्ल्यूएम_नेम' मध्येही साधे रोमन शीर्षक ठेवावे, म्हणजे जुन्या विंडो मॅनेजरमध्ये विंडो निनावी दिसत नाही.

'डब्ल्यूएम_क्लास' मध्ये मात्र शून्य बाइट मोजावे लागतात, कारण त्या एकाच प्रॉपर्टीत दोन नावे असतात, आधी त्या विशिष्ट विंडोचे आणि मग प्रोग्रॅमच्या वर्गाचे, आणि प्रत्येकाच्या शेवटी शून्य बाइट असतो. हे हाताने न करता 'एक्ससेटक्लासहिंट' हे तयार फंक्शन वापरावे. आकाराच्या मर्यादांसाठीही 'एक्ससेटडब्ल्यूएमनॉर्मलहिंट्स' आहे. ज्या प्रॉपर्टीसाठी तयार फंक्शन उपलब्ध आहे तिथे बाइट स्वतः जुळवण्यात काहीच शहाणपण नाही.

लिहिण्याचा सराव कोडशिवायही करता येतो. 'एक्सप्रॉप' ला 'एफ' या पर्यायात प्रॉपर्टीचे नाव आणि '८यू' असा फॉरमॅट द्यावा, मग 'सेट' या पर्यायात तेच नाव आणि मूल्य द्यावे, आणि 'रूट' जोडावे, की मूळ विंडोवर यूटीएफ-८ मजकुराची प्रॉपर्टी तयार होते. '३२सी' दिल्यास कार्डिनल, म्हणजे बिनऋण पूर्णांक लिहिला जातो. 'रिमूव्ह' या पर्यायाने ती काढून टाकता येते.

प्रॉपर्टी वाचणे

वाचण्याचे फंक्शन 'एक्सगेटविंडोप्रॉपर्टी' हे आहे आणि त्याचे बारा आर्ग्युमेंट पाहून पहिल्यांदा कुणालाही धास्ती वाटते. त्यांपैकी पहिली सात आपण द्यायची असतात आणि शेवटची पाच सर्व्हरने दिलेली उत्तरे घेण्यासाठी असतात. वाचन कुठून सुरू करायचे आणि किती करायचे, हे दोन्ही आकडे फॉरमॅट काहीही असला तरी चार-चार बाइटांच्या मापात द्यायचे असतात. उत्तरात प्रत्यक्ष टाइप, प्रत्यक्ष फॉरमॅट, मिळालेल्या घटकांची संख्या, अजून न वाचलेले बाइट आणि माहितीचा पॉइंटर मिळतो.

परत आलेले 'सक्सेस' म्हणजे प्रॉपर्टी मिळाली असा अर्थ होत नाही, हे इथे पक्के ध्यानात ठेवावे. प्रॉपर्टी त्या विंडोवर नसेलच, तर टाइप शून्य आणि फॉरमॅट शून्य येतो. प्रॉपर्टी आहे पण आपण मागितलेला टाइप वेगळा आहे, असे असेल तर खरा टाइप कळतो, मात्र घटक एकही मिळत नाही. या दोन्ही प्रसंगी फंक्शन यशस्वीच ठरते. म्हणून वाचल्यानंतर टाइप, फॉरमॅट आणि घटकसंख्या या तिन्ही गोष्टी अपेक्षेशी ताडून पाहाव्यात आणि मगच पॉइंटरला हात लावावा. मूल्य ठेवणारा प्रोग्रॅम आपला नसतो. त्याने चुकीचा टाइप लिहिला म्हणून आपला प्रोग्रॅम कोसळला, तर दोष आपल्या तपासणीचा धरला जातो. टाइप काहीही असो, वाचायचेच असेल, तर 'एनीप्रॉपर्टीटाइप' मागता येतो, पण त्यानंतरची तपासणी टळत नाही.

लांब प्रॉपर्टी एका दमात न वाचता तुकड्यांनी वाचावी. न वाचलेले बाइट शून्य होईपर्यंत सुरुवातीचा आकडा पुढे सरकवत जावे, आणि तो सरकवताना मिळालेल्या माहितीचा प्रोटोकॉलमधील आकार चारने भागावा. फॉरमॅट ३२ मध्ये स्मृतीत आठ बाइट दिसत असले, तरी प्रोटोकॉलमध्ये ते चारच असतात, हे इथे पुन्हा आठवावे लागते. दोन तुकड्यांच्या मध्ये दुसऱ्या प्रोग्रॅमने मूल्य बदलले तर जोडलेला मजकूर अर्धा जुना आणि अर्धा नवा होईल. म्हणून त्या काळात बदलाचा इव्हेंट आला तर वाचन पुन्हा पहिल्यापासून करावे. वाचून झाल्यावर 'एक्सफ्री' ने स्मृती मोकळी करावी.

'डिलीट' या आर्ग्युमेंटमध्ये 'ट्रू' दिले तर वाचतानाच प्रॉपर्टी काढली जाते, मात्र टाइप जुळला असेल आणि शिल्लक बाइट शून्य असतील तरच. वाचणे आणि काढणे एकाच पावलात होते, त्यामुळे मध्ये दुसऱ्या कुणाला शिरता येत नाही. क्लिपबोर्डच्या व्यवहारात याचा फार उपयोग होतो.

बदलांवर लक्ष ठेवणे

एखादी प्रॉपर्टी बदलली का, हे सेकंदा-सेकंदाला वाचून पाहणारे प्रोग्रॅम आढळतात. ते अनावश्यक आहे. संबंधित विंडोवर 'एक्ससिलेक्टइनपुट' ने 'प्रॉपर्टीचेंजमास्क' हा मास्क (कोणते इव्हेंट हवेत हे सांगणारी खूण) मागितला, की प्रत्येक बदलाला 'प्रॉपर्टीनोटिफाय' हा इव्हेंट येतो. त्यात प्रॉपर्टीचा ॲटम, वेळ, आणि मूल्य नवे आहे की काढले गेले आहे ही माहिती असते, पण मूल्य स्वतः नसते. ते वेगळे वाचावे लागते. 'एक्ससिलेक्टइनपुट' आपल्याच आधीच्या मास्कची जागा घेते, त्यात भर घालत नाही. त्यामुळे त्याच विंडोवर आपण आधी काही इव्हेंट मागितले असतील तर तेही मास्कमध्ये पुन्हा समाविष्ट करावेत. दुसऱ्या प्रोग्रॅमच्या विंडोवर आपण मास्क लावला, तरी त्याच्या मास्कला धक्का लागत नाही.

सक्रिय विंडोचे नाव दाखवणारी पट्टी बनवायची असेल, तर मूळ विंडोवर हा मास्क लावावा, '_नेट_ॲक्टिव्ह_विंडो' चा इव्हेंट आला की ती प्रॉपर्टी वाचून विंडोचा क्रमांक मिळवावा, आणि त्या विंडोवरील '_नेट_डब्ल्यूएम_नेम' वाचावे. ते नसेल तर 'डब्ल्यूएम_नेम' कडे वळावे. क्रमांक मिळणे आणि नाव वाचणे यांच्या दरम्यान ती विंडो बंद होऊ शकते. तेव्हा 'बॅडविंडो' त्रुटी येते आणि एक्सलिबचा मूळ त्रुटी-हँडलर संपूर्ण प्रोग्रॅमच बंद करून टाकतो. म्हणून परक्या विंडोंशी व्यवहार करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये स्वतःचा त्रुटी-हँडलर लावणे अपरिहार्य आहे.

शून्य लांबीचा मजकूर अपेंड केला तरी इव्हेंट येतो, आणि त्यात सर्व्हरची वेळ असते. क्लिपबोर्डची मालकी घेताना खरी वेळ द्यावी अशी अपेक्षा असते; हाताशी माउस किंवा कीबोर्डचा इव्हेंट नसेल तेव्हा वेळ मिळवण्याची ही अधिकृत युक्ती आहे.

सामायिक प्रॉपर्टीचे शिष्टाचार

सर्व्हरशी जोडलेला प्रत्येक प्रोग्रॅम एरवी कोणत्याही विंडोची कोणतीही प्रॉपर्टी वाचू शकतो, बदलू शकतो आणि काढूही शकतो. सर्व्हर मालकी तपासत नाही. त्यामुळे पासवर्ड किंवा खासगी मजकूर प्रॉपर्टीत ठेवू नये, आणि दुसऱ्याने ठेवलेल्या मूल्यावर आंधळा विश्वास टाकू नये. '_नेट_डब्ल्यूएम_पीआयडी' मधील प्रोसेस क्रमांक वाचून ती प्रोसेस बंद करणारा कोड लिहिताना तर 'डब्ल्यूएम_क्लायंट_मशीन' हेही पाहावेच लागते, कारण ती विंडो दुसऱ्या यंत्रावरील प्रोग्रॅमची असेल तर तोच क्रमांक आपल्या यंत्रावर भलत्याच प्रोसेसचा असू शकतो.

कोणती प्रॉपर्टी कोणी लिहायची, हे नियमावल्यांनी ठरवले आहे आणि ते पाळणे स्वेच्छेचे असले तरी त्याशिवाय काही चालत नाही. 'डब्ल्यूएम_नेम' प्रोग्रॅम लिहितो आणि विंडो मॅनेजर वाचतो. 'डब्ल्यूएम_स्टेट' विंडो मॅनेजर लिहितो आणि प्रोग्रॅमने ती बदलायची नसते. '_नेट_डब्ल्यूएम_स्टेट' चा प्रकार अधिक नाजूक आहे. विंडो पडद्यावर येण्याआधी पूर्ण पडदा व्यापण्याची इच्छा प्रोग्रॅमने ही प्रॉपर्टी स्वतः लिहून सांगावी. पण विंडो एकदा दिसू लागली की प्रॉपर्टीला हात न लावता मूळ विंडोकडे क्लायंट मेसेज, म्हणजे एका प्रोग्रॅमने दुसऱ्यासाठी पाठवलेला इव्हेंट, पाठवावा. त्यात पहिला आकडा ० असेल तर ती अवस्था काढली जाते, १ असेल तर लावली जाते आणि २ असेल तर उलटवली जाते. पूर्ण पडद्याचे बटण एकदा चालते आणि पुन्हा चालत नाही, अशी तक्रार आली तर हाच भेद चुकलेला आहे का, हे आधी पाहावे.

विंडो बंद करण्याचे बटणही याच व्यवस्थेवर चालते. 'डब्ल्यूएम_प्रोटोकॉल्स' या प्रॉपर्टीत, टाइप 'ॲटम' आणि फॉरमॅट ३२ ठेवून, 'डब्ल्यूएम_डिलीट_विंडो' हा ॲटम लिहावा. 'एक्ससेटडब्ल्यूएमप्रोटोकॉल्स' हे फंक्शन तेच करते. मग बटण दाबल्यावर क्लायंट मेसेज येतो आणि प्रोग्रॅमला फाइल सेव्ह करायची का हे विचारण्याची संधी मिळते. ही प्रॉपर्टी नसेल तर विंडो मॅनेजर सहसा प्रोग्रॅमचे कनेक्शनच तोडतो आणि न साठवलेले काम जाते.

एकाच प्रॉपर्टीत अनेक प्रोग्रॅमनी भर घालायची असेल, तर वाचा, बदला आणि परत लिहा, ही पद्धत धोक्याची आहे, कारण दोघांनी एकाच वेळी वाचले तर एकाची भर नाहीशी होते. नुसती भर घालायची असेल तर अपेंड वापरावे, कारण ते सर्व्हरवर एकाच पावलात होते. काढायचेही असेल तर 'एक्सग्रॅबसर्व्हर' ने इतरांना क्षणभर थांबवून काम उरकावे आणि लगेच सोडावे. माझ्या मते तिसरा मार्ग सर्वांत बरा: प्रत्येक प्रोग्रॅमने आपापल्या विंडोवर आपली प्रॉपर्टी ठेवावी आणि एकत्र यादी करण्याचे काम एकाच प्रोग्रॅमकडे द्यावे. विंडो मॅनेजर '_नेट_क्लायंट_लिस्ट' अशीच सांभाळतो.

मजकूर फार मोठा असेल तर एका विनंतीची मर्यादा आड येते. मूळ प्रोटोकॉलमध्ये विनंतीची लांबी १६ बिटांत, चार-चार बाइटांच्या मापात लिहिलेली असल्याने ती सुमारे २५६ किलोबाइटांवर थांबते. मोठ्या विनंत्यांचे एक्स्टेन्शन ही मर्यादा वाढवते, पण किती ते 'एक्समॅक्सरिक्वेस्टसाइझ' आणि 'एक्सएक्स्टेंडेडमॅक्सरिक्वेस्टसाइझ' यांना विचारावे. क्लिपबोर्डमध्ये यासाठी 'आयएनसीआर' ही पद्धत आहे. पेस्ट करणाऱ्याला प्रॉपर्टीचा टाइप 'आयएनसीआर' दिसला की त्याने ती काढून टाकावी, म्हणजे देणाऱ्याला सुरुवातीचा इशारा मिळतो. मग देणारा त्याच प्रॉपर्टीत एक-एक तुकडा ठेवतो, घेणारा तो वाचून काढतो, आणि शून्य लांबीचा तुकडा आला की व्यवहार संपतो. घेणाऱ्याने आपल्या विंडोवर प्रॉपर्टीच्या बदलाचा मास्क आधीच लावलेला नसेल तर तुकडा आल्याचे त्याला कळतच नाही. छोटा मजकूर पेस्ट होतो पण मोठे चित्र होत नाही, या तक्रारीचे हे नेहमीचे कारण आहे.

प्रॉपर्टीचे आयुष्य तिच्या विंडोइतके असते, लिहिणाऱ्या प्रोग्रॅमइतके नसते. आपली विंडो नष्ट झाली की तिच्यावरील सगळ्या प्रॉपर्टी जातात, पण मूळ विंडोवर लिहिलेली प्रॉपर्टी प्रोग्रॅम बंद झाल्यावरही तशीच मागे राहते आणि पुढे येणारा प्रोग्रॅम ती खरी मानतो. ईडब्ल्यूएमएचने यावर तोड काढली आहे: विंडो मॅनेजर मूळ विंडोवरील '_नेट_सपोर्टिंग_डब्ल्यूएम_चेक' मध्ये आपल्या एका छोट्या विंडोचा क्रमांक ठेवतो आणि त्या छोट्या विंडोवरही तीच प्रॉपर्टी तिच्या स्वतःच्या क्रमांकासह ठेवतो. वाचणाऱ्याने दोन्ही क्रमांक जुळतात का ते पाहावे. छोटी विंडो उरलेली नसेल किंवा क्रमांक जुळत नसतील, तर मूळ विंडोवरची नोंद मेलेल्या विंडो मॅनेजरची आहे असे समजावे. आपला प्रोग्रॅम मूळ विंडोवर काही लिहीत असेल तर त्यानेही हीच रीत अवलंबावी, बाहेर पडताना 'एक्सडिलीटप्रॉपर्टी' ने आपली नोंद काढावी, आणि 'एक्सप्रॉप' ला 'रूट' व 'स्पाय' हे दोन पर्याय देऊन शेजारच्या टर्मिनलमध्ये ती खरोखर निघाली का ते पाहून घ्यावे.